भोवऱ्याजवळून जाताना

४ जून
नवी नोकरी, नवं घर, आणि आज स्वतःचं टेबलसुद्धा मिळालं. हरखूनच गेले मी. काम म्हणजे चुंबकी ऑक्साइडचे पापुद्रे तपासायचे, जाडी जेमतेम काही अणूंची. त्यांत चुंबकत्वाचे भोवरे असतात. नाकासमोर निघालेला इलेक्ट्रॉन भोवऱ्याजवळ आला की बाजूला ढकलला जातो आणि आलेखावर इवलासा उंचवटा येतो. नवरा म्हणाला, म्हणजे टेकाडं शोधायचा पगार मिळणार तुला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची ताकीद एकच. मोजून झालं की चुंबक शून्यावर आणायचा, थंड पापुद्रा गरम होऊ द्यायचा, म्हणजे भोवरे विरतात. मगच बाहेर काढायचा.

लेक, आमची चिमणी, पाळणाघरात रडली नाही. मी दिसताच धावत येऊन पोटावर आदळली.

११ जून
उंचवटा मिळाला! पण पाळणाघर बंद व्हायला आलं होतं. घाईघाईत पापुद्रा थंडच ओढून काढला, तर चिमट्यातून निसटून बोटाला चिकटला. सोडवला तेव्हा ज्या चकतीवर तो असतो ती कोरी होती, पापुद्रा कुठेच नव्हता. मॅडमना सांगायचा धीर झाला नाही.

१४ जून
कोरी चकती मोजली. उंचवटा आला. मॅडमनी मोजली, नाही आला. मी यंत्राजवळ गेले की पुन्हा हजर. वायरी तपास, म्हणाल्या.

१८ जून
बोळातून शिपाई समोरून येत होता. माझ्याजवळ पोचला आणि त्याच्या डावीकडच्या भिंतीवर घासला गेला. मग झाडूवाल्या मावशी, त्याही स्वतःच्या डावीकडेच. चक्कर आली असेल म्हणाल्या बिचाऱ्या.

२० जून
चिमणी धावत आली आणि माझ्याऐवजी फाटकाच्या खांबावर आदळली. कपाळाला टेंगूळ आलं. मी मुद्दाम बाजूला होते असं वाटून रुसलीय माझ्यावर.
ती झोपली की जवळ घेता येतं. हलणाऱ्यालाच ढकललं जातं. जितकी जोरात येईल तितकं जास्त. मी पुढे सरकले तर त्याहूनही. किती वेळ घेऊन बसले तिला.

२२ जून
मॅडमना सगळं सांगितलं. तापवल्यावर भोवरा जातो म्हणाल्या, पण नजर चुकवत. कढत पाण्यात बसले. अंगाची सालटं निघाली — भोवरा आहे तिथेच.

२३ जून
घर सोडणार. नवरा म्हणतो डोकं फिरलंय. फिरू दे. तिला काही झालं तर मी —

२४ जून
दुपार. ती झोपलीय, नवरा आत आहे. बॅग घेऊन बाहेर आले, पण पाय निघेना. जिन्यापलीकडे भिंतीला टेकून बसलेय. जिना उतरायलाही भीती वाटते, कोणी समोरून चढत आलं तर —

दार उघडलं.

उठलीय. बॅग बघितली तिने. ओठ काढलाय.

नवऱ्याला हाका मारतेय, ऐकत नाही. तिला म्हणतेय तिथेच थांब. उठून धरायला गेले तर जास्तच —

पळत निघाली. जिना तिच्या डाव्या हाताला. थांब गं राणी, हळू, चालत ये, चालत —