सेनगावला नेलेली दुर्बीण

७ डिसेंबर १९४१, रविवार. कनेरगाव.
जकातीच्या नाक्यावर दिवसभर वाशीमकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या. पावत्या लिहून बोटं आखडली. सेनगावची एकच गाडी, सटवाजीची. त्याची पावती मुद्दाम सावकाश लिहिली.
"तिकडं सारे बरे?"
"बरे हायेत की."
पुढचं विचारायचं राहून गेलं. मागचे गाडीवाले ओरडत होते.
इंदूला माहेरी जाऊन पौषात दोन वर्षं होतील.

११ डिसेंबर, गुरुवार.
माधव आला होता. इंदूचा धाकटा भाऊ. दोन वर्षांत पहिल्यांदा. बसला नाही, उभ्यानंच पाणी प्याला.
"दाजी, दुर्बीण घेऊन या आमच्याकडं. लोक म्हणून राहिले, शनीचं कडं पाहाचं."
"कोण म्हणतं?"
"गावातले लोक."
"इंदू?"
तो गाडीच्या बैलाची वेसण नीट करू लागला. मग म्हणाला, "ती कुठं काय बोलते, दाजी."
हो म्हणालो. 

१२ डिसेंबर.
झोप नाही. लिहून टाकतो, आजवर लिहिलं नाही ते.
त्या पौषात सासूबाई फार आजारी असल्याचा निरोप सकाळी आला. इंदू म्हणाली, मायला पाहून येऊ, आत्ताच निघू. मी हिंगोलीच्या शाळेत मुलांना गुरूचे चंद्र दाखवायचं कबूल केलं होतं. गाडी एकच. म्हणालो, उद्या निघू. दुर्बीण गाडीत घातली नि गेलो. मुलं फार खूश झाली होती. आम्ही सेनगावला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्यानंतर ती परत आली नाही. मीही दोनदाच आणायला गेलो. दोन्ही वेळा दारातूनच परत फिरलो.
दुर्बिणीची पेटी तेव्हापासून बंद.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
पेटी उघडली. भिंगावर बुरशीचे ठिपके. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसलं. करीमभाई, नाक्यावरचे शिपाई, कंदील धरून उभे.
"साहेब, तुमी बेफिकीर जावा. नाका मी बराबर पाहतो."
रजा तीन दिवसांची.

२४ डिसेंबर, बुधवार. सेनगाव.
माधवच्या खळ्यावर दुर्बीण मांडली. दिवेलागणीपर्यंत शंभरेक माणूस. सगळ्यांना तेच सांगितलं: एक डोळा मिटा, नळीला हात लावू नका. सगळ्यांनी हात लावला. दर वेळी शनी निसटायचा, परत धरायचा.
चंद्रावरचे खड्डे पाहून लोक गप्प होत. शनी पाहून हसत. का, कळेना.
एक म्हातारा तेलाची शिशी घेऊन आलेला. साडेसातीत दोन बैल गेले त्याचे. "तेल कुठं वाहू?" म्हणाला. आधी बघा म्हटलं. बराच वेळ पाहिलं त्यानं. "हे? एवढंसं लेकरू हे! यानं मला छळलं?" शिशी तशीच घेऊन गेला.
रांगेत सारखं पाहत होतो. बाया आल्याच नाहीत.

२५ डिसेंबर, गुरुवार.
आज बायांसाठी वेगळी रांग. माधवनं पुरुषांना बांधावर बसवलं.
सगळ्यांत शेवटी वहिनी, माधवची बायको. तिच्या मागं इंदू. वाळलीय. तिला डावा डोळा मिटता येत नाही, पदरानं झाकते. तसाच झाकला.
"सरकला," म्हणाली.
मी नळी हलवून दिली. परत पाहिलं. परत "सरकला." परत दिली. असं किती वेळा. वहिनी कधी बाजूला झाली कळलं नाही.
मग इंदू नळीतून डोळा न काढता म्हणाली, "त्या दिवशी पोरांना काय दाखवत होता?"
"गुरूचे चंद्र."
"किती असतात?"
"चार दिसतात."
"वहिनी सांगते, मायनं दोनदा विचारलं. गाडीचा आवाज आला का म्हणून."
मी म्हणालो, चुकलं माझं.
"व्हय."
आणि गेली. दोन वर्षांत माझं तेवढंच म्हणायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यानं काय होतं.

२६ डिसेंबर.
निघताना वहिनी दारात आली. "दुर्बीण ठिवून जा म्हणते. बायांना आणखी पाहाचंय."
"ती म्हणते?"
"मग कोन? मला का कळतं त्यातलं?"
ठेवून आलो. तिपाईचे पाय रोवायला, नळी फिरवायला लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला मीच शिकवलं होतं. गाडीत पेटीची जागा रिकामी. वाटभर त्या जागेकडं पाहवेना.

२ जानेवारी १९४२, शुक्रवार.
करीमभाई विचारतात, साहेब, खाली हातानं आलात? काय सांगू. तिला दुर्बीण हवी होती. मी हवा होतो का, ते विचारायला पाहिजे होतं. संध्याकाळी अंगणात उभा होतो. कृत्तिकांजवळ शनी, नुसता ठिपका. कडं दिसत नाही इथून.

६ जानेवारी, मंगळवार.
सटवाजीची गाडी. आज मी विचारण्याआधी तोच बोलला. "बाई तुमच्या, दाखवून राहिल्या की रोज. साऱ्या गल्लीच्या बाया जमतात. चांदणी चंद्राच्या कोरीवानी दिसते म्हनत होत्या."
शुक्र. मी तिला शुक्र दाखवलाच नव्हता. तिचा तिनं शोधला.
पावती दोनदा चुकली.

११ जानेवारी, रविवार.
सटवाजी वाशीमला चाललाय, उद्या पहाटे माघारी. निरोप आणलाय त्यानं.
"बाई म्हनतात, शुक्र रोज बारीक होऊन राहिला, खालीबी उतरून राहिला. कुठं जातो, कळवा."
"लिहून कळवा म्हणाली, का येऊन?"
"ते न्हाई बोलल्या."
"नीट आठव, सटवाजी."
"कळवा म्हनल्या, साहेब. तेवढंच."
उत्तर दोन ओळींचं आहे. सूर्याच्या उजेडात जातो, थोडे दिवस दिसत नाही, मग पहाटे पूर्वेला उगवतो. कागदावर लिहिलं, वाचलं, फाडलं. पुन्हा लिहिलं.
करीमभाईंना विचारलं, पुन्हा रजा टाकू का. ते म्हणाले, "गाडीत जागा हाय का ते विचारा पहिले."
विचारलं. आहे, म्हणतो सटवाजी.