तळाची प्लेट

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तळाची प्लेट! लेझर कटिंगवाल्या रतनचा सकाळीच फोन — "मॅडम, चार बाजूंच्या फाइली आल्या, झाकणाची आली. तळ कुठाय? बॉक्स हवेत ठेवायचा काय?" आम्ही विजेच्या मीटरचे पत्र्याचे बॉक्स बनवतो, बिनतळाचा बॉक्स कोण घेणार! दिवाळीनंतर हे तिसऱ्यांदा. आणि दर वेळी आमचे जुने ड्राफ्ट्समन गुणाजीकाका यांच्याच ऑर्डरमध्ये.

आमचे बॉस नितेश सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, वय झालं आता. जानेवारीपासून ड्रॉइंग श्रुतिका बघेल, तुम्ही गोडाऊन सांभाळा." श्रुतिका म्हणजे मी! मला सरांचा इतका राग आला की डब्यातली मेथी तशीच राहिली. मला कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये पहिली रेघ मारायला शिकवणारा माणूस गोडाऊनमध्ये खोकी उचलणार? मी असताना नाही!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काकांचं फोल्डर उघडून बघितलं. तळ आहे! अगदी व्यवस्थित, भोकांसकट. मग रतनकडे जाताना गळतो कुठे? म्हणजे घोळ मॅक्रोत, आपोआप फाइली बनवणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. तो सरांनी स्वतः लिहिलाय, दिवाळीच्या सुट्टीत. एक बटण दाबलं की फोल्डरमधला एकेक भाग उघडतो, त्याची मशीनसाठी कटिंगची फाइल बनवतो आणि शेवटी खिडकी येते — "सगळं झालं!" सरांचा फार लाडका. त्याला नावं कशी ठेवायची? बघू.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं! कोडमध्ये अगदी वरतीच एक ओळ — ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. म्हणजे एरर आला तरी थांबू नकोस, बोलू नकोस, पुढे चल. एखादा भाग उघडलाच नाही, तरी हा शहाणा पुढचा घेतो आणि शेवटी तोंड वर करून सांगतो, सगळं झालं! ती ओळ बंद करून चालवला. पहिल्याच फाइलला धाडकन अडकला.

फाइलचं नाव — "श्री तळ".

हसावं की रडावं! ड्रॉइंग बोर्डाच्या काळापासून काका कोऱ्या कागदावर आधी श्री लिहायचे. आता कागद उरला नाही, म्हणून पहिल्या भागाच्या नावातच श्री. आणि त्यांचा पहिला भाग नेहमी तळच. बाकीच्या भागांची नावं इंग्रजीत, ती बिनबोभाट जातात. मॅक्रोला देवनागरी वाचता येत नाही, "श्री तळ"च्या जागी त्याला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

काकांना सांगितलं तर चष्मा काढून हसत सुटले. "श्रीनच माझी वाट लावल्यान गो!" मग डोळे पुसत म्हणाले, "चाय इली काय गो?" नुकत्याच प्यायलेल्या चहाचा रिकामा ग्लास त्यांच्यासमोरच होता! त्यावर आम्ही पुन्हा हसलो. नाव बदलतो म्हणत होते. मी म्हटलं, अजिबात नाही. मॅक्रो बदलेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांना दाखवलं. चेहरा पडला बिचाऱ्यांचा. "एररच्या खिडक्या सारख्या यायच्या गं, वैतागून टाकली ती ओळ." पण माणूस मनाचा मोठा. सगळ्यांसमोर म्हणाले, "सॉरी काका. ड्रॉइंग तुमच्याकडेच." झकास! आणि मॅक्रो माझ्याकडे. काकांनी मला मालवणी खाजं आणून दिलं, पिशवीभर.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅक्रो तयार! आता श्री वाचतो. चूक आली की गप्प बसत नाही, थांबून सांगतो. बॉक्सला लागणारा एखादा भाग फोल्डरमध्ये नसेल तर नाव घेऊन सांगतो. मेसेज मी मराठीतच टाकलेत. घरी नवऱ्याला, केतनला कौतुकाने सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तुझ्यासारखाच की. एक चूक सोडणार नाही." सोडायची तरी कशाला? खाजं अर्धं त्यानेच संपवलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

श्री तळ रतनकडे पोचला! त्याने कापलेल्या प्लेटचा फोटो पाठवला. मेट्रोत मरोळपासून घाटकोपरपर्यंत गुणगुणत आले.

१ डिसेंबर, सोमवार

मॅक्रो थांबला. "थांबा. झाकण सापडत नाही." मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सगळा कोड तपासला. कोड बरोबर आहे. काकांनी झाकणाचं ड्रॉइंग काढलेलंच नाही.

"काडलंय गो! काल तुझ्या फुड्यातच काडलंय मा?"

काल रविवार होता, ऑफिस बंद.

सर जेवायला गेले होते. मी झाकण काढलं, काकांच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि बटण दाबलं. सगळं झालं.