नव्या भाताची खळ

उरवडे,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. शैलेशला ताईचे आशीर्वाद. रागात आहे, पण आशीर्वाद खरे आहेत.

इथे सगळे बरे. तुझ्या भाचीला, गौतमीला, कारखान्यात नोकरी लागली. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र.

गुरुवारी कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन कोळवणला आला, तेव्हा घर दाखवायला मीच सोबत होते. माहेरचं घर परक्या माणसाला बोट करून दाखवताना कसं वाटलं, ते जाऊ दे. आई दारात येऊन म्हणाली, "शैलेश घरात न्हाई." अंगणात तुझी मोटारसायकल उभी, आणि गोठ्यामागून तुझा खोकला येतोय! लहानपणापासून तुला धड लपता येत नाही.

कागद हातात घेतला नाही की दावा चालत नाही, असं तुला कुणी शिकवलं? चालतो, बाबा. बेलिफ तो दाराला चिकटवतो, कोर्टात तसा अहवाल देतो. मग तू तारखेला आला नाहीस तर निकाल एकतर्फा. माझे वकील खूश आहेत. मी नाही.

अण्णा गेल्यावर तू तलाठ्याकडे वारस म्हणून दोनच नावं दिलीस, तुझं आणि आईचं. आता भाताची खाचरं पुण्याच्या माणसाला विकायला निघालास. अण्णांना मुलगी नव्हती, हे न्यायाधीशांपुढे माझ्याकडे बघून म्हण. तुझ्या गैरहजेरीवर मला जिंकायचं नाही. पण आला नाहीस तर तसंही जिंकेन, सोडणार नाही.

ताईने माझ्या दाराला कागद डकवला, असं गावभर सांगतोस म्हणे. खरं काय ते मी लिहिणार नव्हते. पण काल फोनवर आईच म्हणाली, "लिही त्याला. मी भीत न्हाई."

बेलिफाच्या बाटलीतला गोंद वाळून खडा झाला होता. पुन्हा येतो म्हणून तो निघालाच होता. तेवढ्यात आई आत गेली आणि वाटीत मऊ भात घेऊन आली. स्वतःच्या बोटांनी कागदाच्या पाठीला चोळला आणि म्हणाली, "नव्या तांदळाचा हाय. सुटायचा न्हाई."

तुझ्यासाठी ती एकदा खोटं बोलली. पुन्हा बोलणार नाही म्हणते.

तारीख नऊ डिसेंबर, सकाळी अकरा. पुढच्या दाराने ये.

तुझी सख्खी बहीण
(नाकारायचं असेल तर कोर्टात येऊन नाकार),
अनसूया