दोन आत्या आणि एक संदर्भसूची

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. नमस्कार खरोखरीच साष्टांग आहे, कारण हरवलेला स्वल्पविराम शोधता शोधता मी बरेच दिवस टेबलावर आडवीच आहे. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आणि आईची मतं, दोन्ही पूर्वीइतकीच ताठ. काकांचा खोकला गेला का? आणि तुझी तब्येत कशी आहे? नेहमीसारखं "बरी आहे" म्हणून बोळवण करू नकोस. या वेळी नीट उत्तर हवंय.

गोगलगायींवरचा माझा निबंध पहिल्या नियतकालिकाने परत पाठवला हे तुला आईकडून कळलं असेलच (ती ही बातमी "ते लोकच तसले" इथून सुरू करते). दुसरीकडे पाठवायचा तर गोगलगायी त्याच, भिंत तीच, निष्कर्षही तेच. बदलायची ती फक्त शेवटची संदर्भसूची. म्हटलं, चहा निवायच्या आत उरकेल. पण पहिल्यांना लेखकाच्या नावामागोमाग वर्ष कंसात हवं होतं आणि दुसऱ्यांना ते अगदी शेवटी हवंय, कंसाचं त्यांना वावडं आहे. (मला कंस किती प्रिय आहेत ते तू बघतेच आहेस.) नियतकालिकांची नावं तिथे तिरकी, इथे ठळक. पानांच्या आकड्यांमधली रेघ तिथे आखूड, इथे किंचित लांब. हा किंचितपणा मला भिंग लावूनही दिसत नाही, आमच्या सरांना मात्र दारात उभं राहून दिसतो. गोगलगाय उलटी ठेवली तरी सर काही बोलायचे नाहीत, पण एक पूर्णविराम राहिला की चष्मा काढून डोळे पुसायला लागतात. त्यापेक्षा ओरडलेले परवडले असते.

शेजारच्या टेबलावरचा मुंग्यांवाला (तो मुंग्यांवर काम करतो, एरवी माणूस बरा आहे) म्हणाला, "अगं, सॉफ्टवेअर आहे ना त्याला. एक बटण दाब, सगळं आपोआप होतं." दाबलं, आणि झालंही आपोआप. 'मृदुकाय अभ्यास मंडळ' या संस्थेला माणूस समजून त्याने तिचं आडनाव 'मंडळ' ठरवलं आणि 'मृ. अ.' अशी आद्याक्षरंही दिली. मुंग्यांवाल्याच्या यादीतली बरीच मंडळी माझ्या यादीत बिऱ्हाड करून राहिली. त्यांना एकेक करून बाहेर काढलं, मंडळाला परत संस्था केलं आणि सगळं कसंबसं सरळ करून निबंध धाडला. मग परीक्षकांचं मत आलं, आणि खरं सांगायचंय ते तिथून पुढे.

आत्या, त्या यादीत तू आहेस, आणि दोनदा आहेस. एक तू माहेरच्या नावाची. ती म्हणते, गोगलगायी उचलून लांब नेऊन सोडल्या तरी त्या आपल्या भिंतीशी परत येतात. दुसरी तू सासरच्या नावाची, मधलं अक्षर आजोबांचं जाऊन काकांचं आलेली. ती म्हणते, हे अर्धंच खरं आहे. दुसऱ्या भिंतीवर पुरेसा काळ काढला की त्या तिथेच राहतात, आणि आधीच्या लेखिकेने पुरेशी वाट पाहिली नाही. यावर परीक्षक लिहितात (कोण ते कळू देत नाहीत, पण गृहस्थ सज्जन असावेत) की दुसरी लेखिका पहिलीशी विनाकारण कठोर वागली आहे, पूर्वसूरींचा मान राखायला हवा होता, आणि या दोघींच्या भांडणात प्रस्तुत लेखिकेने कुणाही एकीची बाजू घेतल्याखेरीज निबंध स्वीकारता येणार नाही.

मी हसून हसून बेजार झाले. मुंग्यांवालाही हसला. मग तो त्याच्या मुंग्यांकडे गेला आणि माझं हसू ओसरलं. मी बाजू घेऊ कुणाची? तुझी, की तुझी? तुझा दुसरा निबंध पुन्हा काढून वाचला. त्यात "मी चुकले" असं कुठेच नाही, कारण बाबा म्हणतात तसं त्या काळी शास्त्रात 'मी'ला मज्जाव होता, 'पूर्वीच्या लेखिकेने' असंच लिहावं लागे. म्हणजे स्वतःचीच चूक शोधायला तू पुन्हा त्या भिंतीशी जाऊन बसलीस (मी असते तर गप्प राहिले असते, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक जण राहिले असते), आणि जगाला दिसतंय काय, तर एक बाई एक निबंध लिहून नाहीशी झाली आणि दुसरी तिला बोल लावून नाहीशी झाली. मग तू शाळेत शिकवायला लागलीस आणि दोघींची चौकशी कुणी केली नाही. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते ठरेना, म्हणून मुंग्यांवाल्यावर काढला.

सरांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "जुना निबंध यादीतून काढून टाका. प्रश्नच मिटला." सरांना मी आजवर नाही म्हटलेलं नाही. या वेळी म्हटलं. म्हटलं, "सर, चूकच काढून टाकली तर तिने दुरुस्त काय केलं, ते कुणाला कळणार?" सरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. पूर्णविराम तर सगळे जागच्या जागी होते. मग म्हणाले की यादीत नावं छापली तशीच राहतील, दोघींची एक करता येणार नाही, पण आत मजकुरात एक वाक्य घालायला कुणाची हरकत नसावी. ते वाक्य असं: "हे दोन्ही निबंध एकाच शास्त्रज्ञाचे असून तिने स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त केली आहे." ते घालू का? तुझी परवानगी असल्याशिवाय मी एक अक्षर पुढे सरकवणार नाही. तू नको म्हणालीस तर निबंध परत आला तरी चालेल, मी रागावणार नाही (थोडी रागावेन).

काकांना नमस्कार. मधलं अक्षर त्यांचं आहे म्हणून त्यांनी उगाच भाव खाऊ नये.

तुझी,
सध्या कोणत्याच बाजूची नसलेली भाची

ता. क. तुझ्या मागच्या अंगणात तू मला एकदा एक गोष्ट सांगितली होतीस. नव्या भिंतीवर रुळलेल्या गोगलगायीसुद्धा ओलसर दिवशी जुन्या भिंतीकडे तोंड करून बसतात. ते तू कुठेच छापलं नाहीस. मला ते निबंधात हवंय. 'वैयक्तिक संवाद' म्हणून देता येतं, फक्त सांगणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. चार ओळी लिही. सही माहेरच्या नावाने कर, सासरच्या नावाने कर, तुला वाटेल तशी. नुसतं 'आत्या' मात्र सर चालवून घेणार नाहीत.

आणखी एक ता. क. ते वाक्य मी घालून पाठवलं आहे. परवानगीचं वर जे लिहिलं ते पाठवायच्या आधी लिहिलं होतं. संपादकांचं उत्तरही आलं: दोघी एकच याला आधार काय, आणि सदर लेखिका हयात आहेत काय? मी "चौकशी करून कळवते" असं लिहिलंय. तेव्हा तब्येत कशी आहे ते स्वतः कळव, थेट त्यांनाच. आणि सुरुवात 'मी'ने केलीस तरी चालेल. मी नियम वाचून पाहिले आहेत, आता परवानगी आहे.