गोगलगायीच्या पाकिटातलं पत्र

१ मार्च, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून ढिलाई बंद. माझी मुलांसाठीची कादंबरी सहा वर्षं डोक्यात पूर्ण तयार आहे. फक्त कागदावर उतरवायची राहिलीय. काल लायब्ररीच्या बाई म्हणाल्या की, गावातल्या लेखकांच्या प्रदर्शनात त्या दरवर्षी माझ्यासाठी जागा धरतात आणि दरवर्षी तिथे शेवटी कुंडी ठेवावी लागते. यंदा २६ एप्रिलला पुस्तक आलं नाही तर यापुढे विचारणार नाहीत. लेखकाशी असं बोलतात?
ठीक आहे. दाखवतोच.

१ मार्च, सकाळी ११
मुलीशी लेखी करार केला. वय वर्षं दहा, घरात नाव भिंगरी. ती चार वर्षांची असल्यापासून हे पुस्तक तिला कबूल केलेलं आहे, म्हणून करार तिच्याशीच. कलमं मी स्वतः कडक ठेवली. दर रविवारी एक प्रकरण. चुकलं तर पुस्तकातला एक प्राणी कायमचा भिंगरीच्या मालकीचा. मुदत वाढवून हवी असेल तर लेखी अर्ज.
प्राणी चार. थापाड्या कावळा, शिंपीण शेळी, चष्मे विकणारं घुबड (मी चष्म्याच्या दुकानात असल्यामुळे इथे अभ्यास आयताच झालाय) आणि पोस्टमन गोगलगाय. गोगलगाय एक पत्र घेऊन निघते, पुस्तकभर चालते, आणि पत्रात काय आहे ते शेवटच्या पानावर कळतं. वाचणारा ढसाढसा रडणार. पत्रात काय आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.
भिंगरीने सही करण्याआधी करार दोनदा वाचला. बापावर विश्वास म्हणून नाही!

३ मार्च, मंगळवार
नवीन पेन आणलं. हातात घेतल्याबरोबर कळलं की यापुढे दुसऱ्या कुठल्याही पेनाने लिहिणं शक्य नाही. टेबल खिडकीशी सरकवलं. ऊन डोळ्यांवर येतं. परत भिंतीशी सरकवलं. कंबर धरली. आज एवढं पुरे.

७ मार्च, शनिवार
पहिलं वाक्य लिहिलं. चांगलं आहे. जरा जास्तच चांगलं आहे. पुढची वाक्यं याच्या तोडीची झाली नाहीत तर लोक नावं ठेवतील. खोडलं.

८ मार्च, रविवार
मुदतवाढीचा अर्ज दिला. कारण: कंबर. भिंगरीने शाळेतल्या लाल पेन्सिलीने खाली 'नामंजूर' लिहून परत केला. कावळा गेला.
जाऊ दे. कावळा तसाही आगाऊ होता.

१५ मार्च, रविवार
हा आठवडा मालकांनी खाल्ला. दुकानात स्टॉक मोजायला लावला. साडेचारशे फ्रेमी. एवढ्या फ्रेमी मोजल्यावर माणसाच्या अंगात साहित्य कुठून उरणार? अर्ज: नामंजूर. शेळी गेली. शेळी जाताना मात्र वाईट वाटलं. तिच्या तोंडी फार छान संवाद येणार होते.

२० मार्च, शुक्रवार
एका गिऱ्हाइकाचा नंबर तपासता तपासता त्याला पूर्ण कथानक सांगितलं. म्हणाला, झकास आहे, छापून आलं की सांगा. मग म्हणाला की, मागच्या वर्षी चष्मा केला तेव्हाही हीच गोष्ट ऐकली होती. काय ही लोकांची स्मरणशक्ती. नको तिथे चालते.

२२ मार्च, रविवार
घुबड गेलं. अर्ज केलाच नाही. लाल पेन्सिल दिसली की आता मी खोली बदलतो.

२९ मार्च, रविवार. दुपारी
गोगलगायसुद्धा गेली. बायको ड्यूटीवरून आली, तिने ऐकलं आणि विचारलं की आता तुमच्याकडे काय उरलं? म्हटलं, शेवट उरलाय. पत्र! तो करारात नाही. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही.
शिवाय प्राणी गेले म्हणजे काय गेले? नावं गेली. प्रतिभा जागच्या जागी आहे.

४ एप्रिल, शनिवार
घात.
भिंगरी आठवडाभर शाळेतून आली की माझ्याच टेबलावर बसते. मला वाटायचं अभ्यास करते. आज ती अंघोळीला गेल्यावर वही उघडली. सव्वीस पानं. कावळा आहे, शेळी आहे, घुबड आहे, गोगलगाय आहे. चित्रंसुद्धा आहेत. माझे प्राणी माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्या नाकावर टिच्चून राबवले जातायत!
सगळ्यात संताप कशाचा आला? चष्मे विकणाऱ्या घुबडाला स्वतःलाच लांबचं दिसत नाही, असं तिने केलंय. हे मला सुचायला हवं होतं.

५ एप्रिल, रविवार
हिच्याकडे तक्रार नेली. म्हटलं, पोटच्या पोरीने केसाने गळा कापला. हिने करार मागितला. वाचला. खालची सही कुणाची म्हणून विचारलं. मग पायमोजे काढून, रात्रपाळी झाली म्हणून, झोपायला गेली.
म्हणजे ही पण सामील.

११ एप्रिल, शनिवार
भिंगरी स्वतःहून आली. म्हणाली की गोष्ट झालीय, लायब्ररीच्या बाईंनी घ्यायचं कबूल केलंय. फक्त गोगलगायीच्या पाकिटातलं पत्र नाही, कारण ते तुम्हालाच माहीत आहे, बाबा. ते तेवढं लिहून द्या. पुस्तकावर दोघांचं नाव घालू. मुदत १९ एप्रिल.
म्हणजे शेवटी यांना यावं लागलंच माझ्या दारात. मी लगेच हो म्हटलं नाही. पाच मिनिटं थांबलो.

१२ एप्रिल, रविवार
पत्र म्हणजे किती, दहा ओळी. आठवडा कशाला, तासाभराचं काम.

१५ एप्रिल, बुधवार
पत्रात नेमकं काय होतं ते आठवत नाहीये. फार पूर्वी सुचलं होतं. रडू येणारं होतं एवढं पक्कं.

१७ एप्रिल, शुक्रवार
काही सुचलेलं होतं की नाही असा विचार आज दुकानात, एका म्हातारबुवांच्या कानामागे चष्म्याची काडी बसवताना मनात येऊन गेला. तो काढून टाकला. अशा विचारांनीच माणूस खचतो.

१९ एप्रिल, रविवार
अर्ज दिला. 'माननीय लेखिका, पत्रासाठी एक आठवडा मिळावा ही विनंती. काम जवळपास झालंच आहे. फक्त लिहायचं राहिलंय. आपला विश्वासू, बाबा.' भिंगरीने तो वाचला, घडी केली, दप्तरात ठेवला. लाल पेन्सिल काढली नाही. नामंजूर लिहिते तेव्हा निदान कुठे उभे आहोत ते कळतं.

२५ एप्रिल, शनिवार
आठवडाभर मायलेकी दोऱ्याने पुस्तक शिवतायत. पुठ्ठा माझ्या दुकानातल्या खोक्यांचा. मला कुणी विचारलं नाही. पत्राचं कुणी नावही काढत नाही. मी ठरवलंय, उद्या प्रदर्शनाला जायचं, पण आनंद दाखवायचा नाही.

२६ एप्रिल, रविवार. सायंकाळी
कुंडीच्या जागी पुस्तक होतं. भोवती पोरांची गर्दी. शेवटच्या पानावर खरंखुरं पाकीट चिकटवलेलं, आत कागद. एकेक जण काढून वाचायचा आणि खो खो हसायचा. म्हातारबुवा आले होते, मी बसवलेल्या काडीसकट. तेही हसले. बाईंना तर हसून चष्मा काढावा लागला. मग त्याच म्हणाल्या की, सगळ्या पुस्तकात हे पत्र सगळ्यात खरं उतरलंय.
माझी पाळी आली. कागद उघडला.
माझा अर्ज.
माझ्या हस्ताक्षरात, माझ्या सहीने. सहा वर्षांत मी लिहिलेलं लोकांनी वाचलं ते एवढंच. कुणी इतकं दुखवलं नव्हतं मला. दुकानात मालक बोलतात, घरी ही बोलते, पण भिंगरीने असं करावं? मुखपृष्ठावर दोन नावं होती. तिचं आणि खाली, 'पत्र: बाबा'. हीसुद्धा चेष्टाच असणार.
कागद परत घालताना दिसलं, खाली लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. जवळ धरून वाचलं. 'मंजूर.'
तारीख १९. त्यात एक आठवडा. म्हणजे आजपर्यंत.
वर बघितलं तर टेबलाच्या पलीकडून भिंगरी माझ्याकडेच बघत होती. पुस्तकाचं शेवटचं पान तिने उघडं धरलं होतं. पाकिटात अजून एक कागद होता. कोरा.
लायब्ररी बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. बाईंनी स्वतःचं बॉलपेन पुढे केलं. मी त्यांना नीट समजावून सांगितलं की, मी ठरावीक पेनानेच लिहितो आणि ते नेमकं दुकानात राहिलंय.
भिंगरीने पान मिटलं.