तिसऱ्या अल्बममधली करकर

आमच्या घरच्या सरकारांना सप्रेम सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? आईंची झोप? धाकट्याचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे. संध्याकाळी पाय जरा सुजतात, पण पायपेटीपुरते चालतात.

लेकीच्या बँडचा पहिला अल्बम म्हणजे माझी पेटी आणि येशूची साधी भक्तिगीतं. दुसऱ्यात गिटार-ड्रमचा दणदणाट आणि मला नारळ! तेव्हा मी वर्षभर फुगून बसलो होतो. आता तिसऱ्यासाठी तिनेच इथे स्टुडिओत बोलावलं, तरी वाटत होतंच, पुन्हा बाहेर बसवलं तर?

काल रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "काका, पेटीचं पायडल करकरतंय. तो आवाज काढून टाकतो."

लेक कडाडली, "हात लावू नका! त्या करकरीवरच मी गायला शिकले."

मग ड्रमवाल्याने करकरीवरच ठेका धरला, मागून गिटार आली, आणि येशूचं गाणं असं काही रंगलं की रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडे नाचायला लागला! अल्बमचं पहिलं गाणं आता तेच.

वीस वर्षं तू म्हणत होतीस, "अहो, त्यात तेल घाला." बरं झालं, ऐकलं नाही!

गुडघ्याचं खरं काय ते लिही, आणि लगेच लिही.

तुझाच,
पेटीवाला