फुटकी लादी

लालबाग,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

सीमावन्सना शेवंतीचा नमस्कार.

आम्ही सगळी बरी आहोत. तुम्ही बऱ्या असणारच, तुमच्या अकराव्या मजल्यावर डास पण दमून येतात. हे पत्र टपालात टाकत नाही. शेजारचे तात्या मंगळवारचे सिद्धिविनायकाला जातात, त्यांच्या हातात देतेय. फोनवर तुम्ही मला पुरं बोलू देत नाही. "शेवंती, मुद्द्याचं बोल," म्हणता. सातवी शिकलेल्या बाईला मुद्दा पटकन सापडत नाही. चुका दिसल्या तर तुमच्या क्लासच्या पोरांच्या वहीत करता तसे लाल पेनने गोल करा.

आधी तुमच्या झाडाचं सांगते. गेल्या वर्षीच्या दिवाळीला पिशवीतनं ते वेडेलिया आणलंत. आमच्या मागच्या दारची चार हात माती बघून नाक मुरडलंत. "हे लाव. मेन्टेनन्स शून्य. रस्त्याच्या मधे लावतात, धूर खाऊन जगतं. तुझ्या हातून पण मरणार नाही." सगळ्यांसमोर बोललात. तुमचे भाऊ पण हसले. ताई बोलली की हसायचं, एवढं एकच काम हे मन लावून करतात.

लावलं मी. वीतभर कांड्या तोडून आडव्या दाबल्या. तुमचं ते कोकोपीट काय लागलं नाही, मासे धुतलेलं पाणी घातलं. पेरापेराला मूळ फुटलं. शिमग्यापर्यंत माती दिसेना, पावसात तर गटारापर्यंत पोचलं. पिवळी फुलं पण आली. तुम्ही फोटो मागवलात आणि ग्रुपवर टाकलात, "सीमाचा छोटा बगीचा." माती माझ्या नखात, बगीचा तुमचा!

आता जे कोणाला बोलले नाही ते लिहिते. तुम्हाला वाटतं ते झाड आपोआप गटारावर चढलं. नाही. गटारावरची एक लादी फुटली होती. मला माहीत होतं. ह्यांना तीनदा सांगितलं, ते "रविवारी बघू" म्हणाले. तेवढ्यात तुमचा मेसेज आला, फोटो पाठव, गटार दिसू देऊ नकोस. मग मी स्वतः वेल ओढून त्या भोकावर पसरली. तुमचा फोटो चांगला यावा म्हणून. तुम्ही एकदा तरी छान म्हणावं म्हणून. एवढी मी मूर्ख.

श्रेया तेव्हा अकरा महिन्यांची. भिंत धरून चालायला लागलेली. मी भात उतरवायला वळले आणि ती फुलं धरायला गेली, ती थेट त्या भोकातनं गटारात. तात्यांनी पायाला धरून वर काढली. तोंड काळं झालेलं, आणि ती रडत नव्हती.

हॉस्पिटलात तुम्ही टॅक्सी नको म्हणून तुमच्या गाडीने आलात. आल्या आल्या, "तुला एक गटार सांभाळता येत नाही?" आणि मी तुमचे पाय धरले. "वन्स, तुम्हीच न्या हिला. माझ्याजवळ जगायची नाही ही." बोलले मी. नाही म्हणत नाही.

तोच शब्द धरून बसलात. पाळणा आणलात, प्रभादेवीच्या शाळेत आत्तापासून नाव घातलंत, भटजींना विचारून गुरुवार ठरवलात, तिला तुमच्या ओटीत घालून दत्तक द्यायचा. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तिकडे बरं आहे, लिफ्ट आहे." जसं काही लिफ्ट पोरीला भात भरवणार आहे. तुम्हाला मूल नाही हे मी कधी काढलं नाही. आज पण काढत नाही. पण घाबरलेल्या बाईच्या तोंडचं उचलून कोणी घर भरतं का? शिकलेली माणसं असं करत असतील तर मी सातवीवर थांबले ते बरं झालं.

ते वेडेलिया मी कोयत्याने खणून काढलं. दहा दिवस लागले, तुकडा राहिला की परत फुटतं. मेन्टेनन्स शून्य म्हणे! लादी मीच माणूस बोलावून बसवून घेतली.

भीती मात्र गेलेली नाही. स्वयंपाक करताना ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला, एक माझ्या. झोपली की नाकाखाली बोट धरते. हसा तुम्ही. तुमच्याकडे ती मजेत राहील, हे पण मला कळतं. तरी देणार नाही.

गुरुवारी तुम्ही नारळ, खण घेऊन याल. हे मान खाली घालतील. तुम्ही त्या आवाजात "शेवंती" म्हणाल आणि मी चहा टाकायला उठेन. मी मला ओळखते. भ्यायले तर परत "न्या" म्हणून जाईन, कदाचित स्वतःच्या हाताने उचलून पण देईन.

तेव्हा ते ऐकायचं नाही. तोंडाचं एकदा धरलंत, आता हे हातचं लिहिलेलं धरा. तात्यांना सांगितलंय, तुम्ही पूर्ण वाचेपर्यंत तुमच्यासमोरनं हलायचं नाही.

नाही म्हणणारी,
शेवंती दीपक परब
श्रेयाची आई